उलटवलेला कोट

चर्चच्या मागच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं. मंडळीतल्या लोकांनी अजून घालण्याजोगे कपडे त्यात आणून ठेवायचे आणि ज्याला गरज असेल त्याने न्यायचे, अशी तिथली पद्धत. कपाटाची किल्ली शिंपीणकाकूंकडे असायची, कारण आलेल्या कपड्याला सुई लावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. देणाऱ्यांचं मन मोठं होतं यात शंका नाही, पण काहींच्या मनापेक्षा त्यांच्या शर्टाची भोकं मोठी असत. काकू कुरकुरत, भोकं बुजवत, बटणं लावत आणि कपडा पुढे देत. वीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

मग राखाडी कोटाचं प्रकरण झालं.

कोट मुळात ऑर्गनवाल्या ताईंचा. बाई सोन्यासारखी. उपासनेला ऑर्गन अशी वाजवायची की पेंगणारेही ताठ बसत. पण तिच्या तोंडात तीळ म्हणून भिजत नसे. काकूंनी तो कोट एका नव्या बाईला दिला. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होती, दोन महिन्यांपासून उपासनेला येत होती आणि शेवटच्या बाकावर एकटी बसायची. त्या रविवारी ती तोच कोट घालून आली आणि पहिल्यांदाच उपासनेनंतरच्या चहाला थांबली. ताईंनी तिला लांबूनच पाहिलं आणि त्या अगदी मनापासून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, हा तर माझा कोट! किती शोभतोय तुला. कोपराजवळचा शाईचा डाग गेला का गं?"

सगळ्यांनी कोपराकडे पाहिलं. डाग होता तिथेच होता.

पुढच्या रविवारी शेवटचा बाक रिकामा राहिला. त्याच्या पुढच्या रविवारी चर्चच्या दाराच्या कडीला एक पिशवी अडकवलेली सापडली. आत तोच कोट, स्वच्छ धुतलेला, कडक इस्त्रीचा. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. ताईंना वाटलं, मापात बसला नसेल बिचारीला. काकूंना मात्र ती घडी पाहून कानशिलात बसल्यासारखं झालं. ताईंना बोल लावून मोकळं होणं सोपं होतं, पण डाग दिसत असूनही एक बटण लावून कोट पुढे ढकलला होता तो काकूंनीच. वीस वर्षं आपण कपड्याबरोबर देणाऱ्याचं नावही देत आलो, हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्यांना स्वतःचा भयंकर राग आला.

घरी येऊन त्यांनी कोट टेबलावर पसरला आणि अस्तर उसवायला घेतलं. नवऱ्याने विचारलं, धडधाकट कोट फाडतेस कशाला? काकू म्हणाल्या, फाडत नाही, उलटवतेय. ही जुन्या शिंप्यांची विद्या. कोट पुरता उसवायचा, एकेक तुकडा पालटायचा आणि आतली, न विटलेली बाजू बाहेर आणून पुन्हा शिवायचा. शाई जाड कापडातून आरपार गेलेली नव्हती, तेवढं नशीब. नवरा घड्याळं दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस. त्याने बायकोच्या पाठदुखीची आठवण करून दिली, नव्या कोटाची गोष्ट काढली, शेवटी हात टेकले आणि डोळ्याला आपलं भिंग लावून टाके काढायला बसला.

उलटवलेल्या कोटात एक गोम असते. तुकडे पालटले की उजवीकडची काजं डावीकडे जातात आणि बायकांचा कोट एकदम पुरुषी होऊन बसतो. जाणत्या नजरेला ते लगेच कळतं. काकूंनी जुनी काजं रफू केली, त्यांच्यावर बटणं बसवली आणि समोरच्या बाजूला नवी काजं पाडली. जुन्यांपैकी चार बेमालूम बुजली. गळ्याजवळचं पाचवं मात्र पार फाटलेलं होतं, कारण बोलता बोलता ते बटण खेचायची ताईंना सवय. त्याची रफू काकूंनी तीनदा उसवली, तीनदा केली. डोळ्याला ती दिसेनाशी झाली, पण बोटाला लागायची ती लागतच राहिली.

दहाव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, काकू धुलाईखान्यात गेल्या. लपवाछपवी न करता त्यांनी सांगून टाकलं की कोट तोच आहे. बाईने हातसुद्धा लावला नाही.

"कोटावाचून माझं अडलं नाही, काकू," ती म्हणाली. "सगळे बघत होते."

"चूक माझी होती. अर्धवट काम दिलं मी तुला," काकू म्हणाल्या. "आता हा कोणी ओळखला, तर कपाटाची किल्ली पाळकांच्या हातात देईन आणि पुन्हा तिकडे सुई धरणार नाही."

बाईने कोट घेतला. दिवसाला शेकडो शिवणी हाताखालून जाणारी बाई ती. तिने आतून बाहेरून सगळं निरखून पाहिलं आणि विचारलं, किती दिवस लागले? काकू म्हणाल्या, नऊ. तिने कोटाची घडी घातली आणि तो आपल्या पिशवीत ठेवला.

रविवारी ती कोट घालून आली आणि चहालाही थांबली. ताई ऑर्गनवरून उठल्या त्या थेट तिच्याकडेच. इतके दिवस कुठे होतीस, असं म्हणत ताईंनी लाडाने तिची कॉलर सारखी केली, आणि त्यांची बोटं गळ्याजवळच्या बटणापाशी अडली. हळूच बटणाच्या कडेखाली गेली. अकरा वर्षं खेचलेलं काज होतं ते. ताईंनी तोंड उघडलं. काकूंनी खिशातली किल्ली मुठीत आवळली.

ताईंनी तोंड मिटलं. मग ते बटण नीट लावलं.

"बाहेर गारठा आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी माझ्या जवळच्या बाकावर बस. मागे वारा लागतो."

चहा संपेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हा लोकांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. बाई बशीतलं शेवटचं बिस्किट सावकाश खाऊन, सगळ्यांचा निरोप घेऊन गेली.

शनिवारी ताई मागच्या खोलीत आल्या. हातात भरलेली पिशवी, कपडे धुतलेले, बटणं जागच्या जागी. पिशवी टेबलावर ठेवून त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"काकू, हे कुणाला जाणार ते मला सांगू नका. आणि त्या पाचव्या काजासारखं काही ठेवू नका. दर वेळी गप्प बसणं जमेलच असं नाही मला."

काकूंनी चष्मा पुसला आणि कात्री जवळ ओढली.