नाव आतल्या बाजूला

भंडाऱ्याच्या भांडेबाजारातले एक भांडेवाले मोडीचं पितळ घेतात आणि दुकानामागे वाफेच्या इंजिनाचं मॉडेल बनवतात. चाकं आणि दांडे तेवढे बाजारातल्या तयार मॉडेलांचे. ते काढून झाले की उरलेला सांगाडा पुन्हा खोक्यात निजवतात, वर कापूस पांघरतात. बाकी सगळं मोडीच्या भांड्यांतून कापायचं, तेही भांड्यावर कोरलेलं नाव आतल्या बाजूला येईल असंच.

"आत काहून?" मी एकदा विचारलं.

"मानूस गाडीच्या आतच बसते नं जी," ते म्हणाले आणि पत्र्यावरचा कीस फुंकला. हा माणूस मला आवडतो की नाही, ते अजून ठरत नाही.

आई गेल्यावर तिच्या नावाचा तांब्या मीच त्यांना दिला. त्याचा बॉयलर झाला. काल संध्याकाळी त्यांनी त्याखाली स्पिरिटचा दिवा लावला. इंजिन गोल रुळांवर फिरू लागलं, आणि दर फेरीला माझ्यासमोर आलं की हळू व्हायचं.

"इथं चढाव असन," मी म्हणालो.

"रूळ बराबर आहे. तुमाले पाहून राहिली." मग त्यांनी अर्धवट झालेला डबा उचलून कानाशी धरला. "एकटी कंटाळते जी. डब्बा बी होऊन राहिला."

घरी येऊन पाणी मागितलं. बायकोनं स्टीलचा पेला पुढे केला. माझा पेला पितळेचा, बारशातला, माझं नाव कोरलेला.

"माझा कुठी गेला?"

"दुपारी भांडेवाले घेऊन गेले नं, हा देऊन. तुमीच पाठवलं म्हने."