आरती ओवाळलेलं इंजिन

माणूस अडाणी असेल तर मला राग येत नाही. शिकलेला माणूस नाकासमोरचं वाचायचं नाकारतो, तेव्हा किळस येते. हे वाक्य मी आमच्या पत्रकात घालणार होते. संघटनेतल्या वडीलधाऱ्यांनी खोडलं. म्हणाले, लोक दुखावतील. म्हणून इथे लिहिते.

त्या काळात चेन्नईत रोज ठरलेल्या वेळी करंट जाऊ लागला होता. आमच्याकडे वीज जात नाही, करंटच जातो. तंजावूरहून इकडे आलेल्या आम्हा मराठी घरांत निम्मी भाषा अशीच. करंट जायला लागला तसे अण्णा नगरात घरोघरी छोटे पेट्रोल जनरेटर आले. सुटकेसएवढं लाल डबडं, वर मूठ, बाजूला ओढायची दोरी. दोरी ओढली की फटफट सुरू, आणि मालक असा उभा राहतो जणू धरणच बांधलं.

मी तेव्हा एका ग्राहक संघटनेत होते. ह्याच डबड्यांवर आम्ही पत्रक काढलं होतं, तमिळमध्ये आणि इंग्रजीत. बंद जागेत चालवू नका, धुराला वास नसला तरी त्यात विष असतं. चालू किंवा तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका. ऑइल बघा, फिल्टर धुवा, हात घालण्याआधी प्लगची टोपी काढा. सकाळी बाजारात उभी राहून मी ती वाटायची. लोक घ्यायचे आणि त्यात मोगऱ्याचा गजरा गुंडाळून घरी न्यायचे.

मी राहायची काकांकडे. काका बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदावरचा प्रत्येक स्वल्पविराम तपासलेला माणूस. घरात तिसरं माणूस आत्या, काकांची थोरली बहीण. तिला दमा. श्वास अडकला की वाफेच्या मशीनचा मुखवटा तोंडाला लावायचा, आणि ते मशीन विजेवर चालणारं. म्हणजे आमच्या घरी जनरेटर आला तो आत्याच्या श्वासासाठी. हे लक्षात ठेवा.

तो घ्यायला मी काकांबरोबर गिंडीच्या एका दुकानात गेले होते. दुकानदाराने तोंडातलं पानसुद्धा न थुंकता मशीनवर थाप मारली.

“घरात ठेवलं तर चालेल ना?” काकांनी विचारलं.

“ओण्णुम आगादु, सार.” काही होत नाही, साहेब. “हॉलमध्ये ठेवा, बेडरूममध्ये ठेवा. बेबी मशीन आहे.”

मी म्हटलं, “मशीनबरोबर जे पुस्तक येतं त्यात पहिल्याच पानावर कवटी छापली आहे. ती कशासाठी?”

“ते फॉरिनवाल्यांसाठी, मा. तिकडे घरं बंद असतात.”

काका हसले. दुकानदारही हसला, लाल दातांनी. कवटी छापलेलं पुस्तक त्याने मशीनखाली सारलं, डगडग थांबवायला.

तरी मी हट्टाने जनरेटर मागच्या उघड्या अंगणात ठेवायला लावला. वायर खिडकीतून आत. काही महिने सगळं नीट चाललं. मग नवरात्र आलं.

आमचं नवरात्र दुहेरी. मराठी म्हणून घट बसतो आणि अखंड दिवा लागतो. तो विझता कामा नये, म्हणून हॉलच्या खिडक्या दसऱ्यापर्यंत घट्ट बंद. आणि इतकी वर्षं तमिळ मुलखात राहिलो म्हणून नवमीला आयुधपूजा. घरातली सगळी अवजारं, यंत्रं देवीपुढे मांडायची, गंध-कुंकू लावायचं. त्या दिवशी त्यांना काम नाही. दसऱ्याला सकाळी पुनर्पूजा झाली की तिथेच, देवीसमोर, काम सुरू करून मगच उचलायचं. दोन्ही रीती चांगल्या आहेत. मला दोन्ही आवडतात. पण कोणी विचारच केला नव्हता की दोन्हींच्या मध्ये पेट्रोल इंजिन आलं तर काय होतं.

नवमीला सकाळी हॉलमध्ये आले तर काकांनी अंगणातलं डबडं आत आणून घटाशेजारी ठेवलेलं. पितळी अडकित्ता, शिलाई मशीन, माझा कॉम्प्युटर, आणि हे. सायलेन्सरवर झेंडूची माळ. हवा आत घ्यायच्या जाळीवर चंदनाचा जाड लेप. गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, याला चाकं नाहीत, म्हणून पायांखाली लिंबं. इंजिन तिरकं झालेलं, आतलं ऑइल एका अंगाला. खालची फरशी खराब होऊ नये म्हणून कागद पसरलेले. कागद कसले? माझी पत्रकं. “बंद जागेत चालवू नका” या ओळीवर ऑइलचा काळा थेंब पडत होता.

आणि टाकी काठोकाठ भरलेली.

“पूजेला टाकी रिकामी कशी ठेवायची?” काका म्हणाले. “लक्ष्मीला रिकामं भांडं दाखवतात का?”

झाकणाच्या कडेने पेट्रोल ओघळून चंदनात मिसळलं होतं. देवघराला पेट्रोलपंपाचा वास. आणि त्यावर काकांनी पेटलेल्या कापराची आरती उचलली.

मी त्यांचं मनगट धरलं. “काका, वेड लागलंय का तुम्हाला? टाकीवर आग ओवाळताय?”

“आयुधपूजेला असं ओरडतात का? हात सोड!”

आत्या पाटावरून म्हणाली, “अरे, ती ओरडते ते बरोबरच ओरडते. तुझ्या मिश्या गेल्या तर चालेल, माझी पैठणी जळायला नको.”

काकांनी आरती लांबून ओवाळली, तीही माझ्याकडे रागाने बघत. नंतर सुंडल, म्हणजे उसळीचा प्रसाद, वाटताना मला हरभरे कमी आले.

मी म्हटलं, आता तरी बाहेर न्या. काका म्हणाले, “मांडलेलं आयुध पुनर्पूजेआधी हलवत नाहीत.” यावर आत्यानेही मान हलवली. रीत तिला मान्य होती. मी पेट्रोलचा कॉक बंद केला, झाकण घट्ट केलं, दिवा शक्य तितका दूर सरकवला. आणि काकांना बजावलं की सुरू करायचं ते अंगणातच. ते “सरी, सरी” म्हणाले. आमच्या घरात सरी म्हणजे होकार नव्हे. सरी म्हणजे आता तू बोलणं थांबव.

दसऱ्याला सकाळी मी बाजारात पत्रकं वाटून परत आले. करंट गेलेला. फाटकातूनच फटफट ऐकू येत होती, पण दबलेली, उशीखाली दाबल्यासारखी. व्हरांड्यात काका पेपर वाचत बसलेले, बाजूला कॉफीचा पेला. त्यांच्या पाठीमागे हॉलचं दार ओढून घेतलेलं.

“आत्या कुठे?”

“आत. दम लागला होता, वाफ घेतेय. पुनर्पूजा झाली, सुरुवात तिथेच करायची ना? दहा मिनिटं चालवून मग बाहेर नेऊ म्हटलं.”

“आणि तुम्ही बाहेर का?”

“आवाज केवढा आहे!”

हे उत्तर मी आजवर विसरले नाही. आवाज सहन होत नाही म्हणून स्वतः बाहेर यायचं, दार ओढून घ्यायचं, आणि जिला श्वास घेता येत नाही तिला त्या धुरात ठेवायचं. कपटाने नाही हो. प्रेमानेच. त्याचीच तर शिसारी येते.

मी दार ढकललं. आत झेंडू करपल्याचा वास, सायलेन्सरवरची माळ धुमसत होती. आत्या खुर्चीत मान टाकून बसलेली, तोंडाला मुखवटा, वाफ चालू. म्हणजे मशीन इमानाने तिच्या छातीत तीच हवा भरत होतं. मी श्वास रोखला, इंजिनाचा स्विच बंद केला, आत्याच्या काखेत हात घालून तिला ओढत व्हरांड्यात आणलं. अखंड दिव्याचं काय झालं ते मी बघितलं नाही. दार सताड उघडं टाकलं.

“दम्याचा झटका आहे!” काका ओरडले. “मशीन लाव, परत आत ने!”

“दमा नाही. धूर आहे. तुम्ही रिक्षा बोलवा.”

“धूर कुठे दिसतोय?”

“दिसत नाही म्हणूनच छापलं होतं, काका! खाली पसरलंत ना, ते!”

उघड्या हवेत आत्याने डोळे उघडले, म्हणाली, “डोकं फुटतंय गं,” आणि पायरीवर ओकली. रिक्षात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती पुन्हा झोपत होती आणि मी तिला चिमटे काढत होते. रुग्णालयात तिला लगेच प्राणवायू लावला. डॉक्टरांनी विचारलं, “बंद खोलीत जनरेटर होता?” काका म्हणाले, “खोली नाही, हॉल होता.”

संध्याकाळपर्यंत आत्या शुद्धीवर नीट आली. वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. घरी येताना काका काय म्हणाले असतील? “देवीने राखलं.”  मी काही बोलले असते तर ते छापण्यासारखं नसतं.

जनरेटर अंगणात गेला. नातेवाइकांना काकांनी सांगितलं की आत्याला दम्याचा मोठा झटका आला होता. पत्रकाच्या पुढच्या आवृत्तीत मी एक ओळ घातली: पूजेसाठीही इंजिन घरात आणू नका. वडीलधाऱ्यांनी तीही खोडली. धार्मिक भावना! कवटी चालते, पूजा चालत नाही.

पुढच्या वर्षी नवमीच्या सकाळी काका अंगणाकडे निघाले. अंगणात आत्या आधीच उकिडवी बसलेली, हातात प्लगचा पाना. इंजिन थंड होतं, प्लगची टोपी काढलेली. तिने प्लग सोडवला, भोकात कापडाचा बोळा बसवला, प्लग पदराला पुसला आणि हॉलमध्ये नेऊन तांब्याच्या ताम्हनात ठेवला. बोटाएवढ्या त्या प्लगला गंध, कुंकू, एक झेंडूचं फूल.

“हे काय, अक्का?” काका म्हणाले. “अख्खं आयुध मांडायचं असतं.”

“अरे, जीव ह्यात असतो ना त्याचा? मग जिवाची पूजा कर. धडाला बाहेर राहू दे.”

अखंड दिव्यावर त्या वर्षी काचेची चिमणी आली होती आणि हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या. दुपारी करंट गेला. पंखा थांबला. काकांना घाम फुटला, ते उठले, ताम्हनाकडे हात नेला.

आत्याने पोलक्यातून दम्याचा बिनकरंटचा पंप काढला, तोंडात धरून दाबला, श्वास आत धरून ठेवला, सावकाश सोडला. मग म्हणाली, “मांडलेलं आयुध पुनर्पूजेआधी हलवत नाहीत. बस गुमान.”

काका बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, “केवढा उकाडा आहे!”

मी त्यांना वारा घ्यायला एक पत्रक दिलं.