बायआतेचा आवाज

बायआते आरोंद्याच्या खाडीकाठी उभी राहून म्हशीला हाक मारायची, तेव्हा पलीकडच्या गोव्यातली माणसं वळून बघायची. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण, पण सगळा गाव तिला बायआतेच म्हणायचा. लग्नाकार्यात तिच्या शेजारी जेवायला बसायला कुणी राजी नसे, कारण ताक पिऊन झालं तरी तिचं बोलणं संपत नसे. "गप रवलंय तर माका धाप लागता," असं ती स्वतःच सांगायची.

सत्तरी ओलांडलेले बाबा अंगणात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनला आम्ही सगळेच घाबरलो. आमचे काका अशाच ऑपरेशननंतर भ्रमात गेले होते. पोटच्या मुलाला ओळखेनात, आणि पुढे कधी पूर्ववत झालेच नाहीत. मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वयस्कर माणसांत होतं असं, पण बरंचसं टाळता येतं. चष्मा आणि कानातलं यंत्र लावा. पाणी पाजत राहा. दिवसा ओळखीचं कुणीतरी बोलत राहू दे, रात्री शांत झोपू दे. आम्ही त्यांना लवकर उभं करू."

दिवसभर बोलायचं काम आहे म्हटल्यावर बायआतेने लगेच पिशवी भरली.

सकाळी खिडकीचा पडदा सारून ती बाबांना म्हणायची, "बाबल्या, आज बुधवार. तू कणकवलीक हॉस्पिटलात आसंस. चाय घे." मग गावच्या बातम्या, कुणाचा फणस कुणी उतरवला इथपर्यंत. एकदा ती मध्येच उठली, तर शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "मगे त्या फणसाचा काय झाला?" रात्री मात्र ती तोंडाला पदर लावून बसायची. तिच्यासाठी ते मोठंच तप होतं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा अचानक उठून बसायला लागले. तरुणपणी ते खाडीवर होडीने माणसं पोचवत. "पैलाडी मानसां खोळंबली आसत," ते म्हणाले. "माका जाऊक होया."

मला काका आठवले. बायआते हसली नाही, रागावलीही नाही. तिने त्यांचा हात धरला. "आता पूल झालो, बाबल्या. सगळी पुलावरसून गेली. तुजो पाय मोडलो, तू हॉस्पिटलात आसंस." आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "डॉक्टरणीक बोलाव. ह्येचा काय तरी बिघडला."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तर बाबांची लघवी तुंबली होती, आणि तेवढ्यानेही वयस्कर माणूस भ्रमात जातो. कानातलं यंत्रही कुणीतरी काढून खणात ठेवलेलं. दोन्हीचा बंदोबस्त झाला, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनीच तिला विचारलं, "बाय, आज गुरुवार मा गो?" ती पदराने डोळे पुसत राहिली.

बाबा वॉकर धरून घरी आले. बायआते गेल्या वर्षी गेली.

मध्यंतरी आमच्या गावातल्या शेजारणीच्या सासूचं ऑपरेशन झालं. शेजारीण घरी आंघोळीला गेली, म्हणून मी त्यांच्या उशाशी बसले. काय बोलावं सुचेना. त्यांना चष्मा लावून दिला. त्यांनी मला निरखलं.

"कोण गो तू?"

"मी बायआतेची भाची."

"मगे गप कित्याक बसलंस?" त्या म्हणाल्या. "बोल."