वाटेत माहेर लागलं

सत्तेचाळिसाव्या वर्षी बाईमाणसानं गुडघ्यांना तेल लावावं, नाहीतर मुलासाठी स्थळं बघावीत. मी शर्यतीत नाव घातलं. दोष आमच्या ह्यांचा. मी नंदुरबारच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. एकदा चहा पिता पिता हे म्हणाले, "इतकी वर्षं नुसती शिट्टी वाजवतेस, एकदा स्वतः पळून दाखव की!" मी त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं. जोडीचा गट होता, म्हणून ह्यांचंही नोंदवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानंतर ह्यांनी दोन दिवस चहा मुकाट्यानं प्यायला.

शर्यत अशी होती: पहाटे सातपुड्याच्या पायथ्याशी एक डोंगर चढून उतरायचा, तिथून सायकलीनं तापीच्या बाजूला यायचं, मग काठाकाठानं गावांतून धावायचं आणि शेवटी होडी वल्हवत नदी ओलांडायची. प्रत्येक टप्प्यावर जोडीनं एकदम हजर व्हायचं. वाटेत कुणी खायला-प्यायला दिलं तर चालेल, पण वाहनावर बसलं की बाद. आणि दुपारी दोननंतर नदीत कुणाला उतरू देणार नव्हते.

मला पदक नको होतं. मला नदी ओलांडायची होती. तापीच्या काठी मी लहानाची मोठी झाले, पण पलीकडे गेले ती दरवेळी पुलावरून, एसटीत, कुणाच्या तरी शेजारी बसून. होडीचा सराव आम्ही रविवारी एका धरणाच्या पाण्यात केला. ह्यांनी होडी इतक्यांदा उलटवली की तिथले मासेमार आम्हाला बघून जाळी आवरायला लागले.

शर्यतीच्या दिवशी डोंगर मात्र ठीक पार पडला. म्हणजे मी चढले, आणि हे दगडादगडावर बसून निसर्गाचं कौतुक करत वर आले. सायकलीवर उतार होता, तेव्हा ह्यांच्या अंगात वारं शिरलं. पपईच्या आणि उसाच्या शेतांमधून आम्ही असे सुटलो की दोन तरुण जोड्यांना मागं टाकलं. सायकली जमा करून धावायला लागलो तेव्हा हाताशी भरपूर वेळ होता. मी खुशीत होते. तिथंच चुकलं, कारण धावण्याच्या वाटेत माझं माहेर लागत होतं आणि ह्यांनी ते गुपचूप त्यांच्या सासूबाईंना, म्हणजे माझ्या मायला, फोन करून कळवलं होतं.

गावात शिरले तर दारासमोर सडा-रांगोळी. ओट्यावर सतरंजी, तक्क्या, पाय धुवायला तांब्या. मी ओरडले, "माय, वखत नही शे!" मायनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं सगळं लक्ष गुडघ्यापर्यंतच्या चड्डीतल्या जावयाकडे.

"जावईबोवा, उन्हातान्हातून येल शेतस, दोन घास खाई ल्या."

दोन घास! हिवाळ्यातलं वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण ह्या माणसानं सासूच्या हातच्या भाकरीला नाही म्हटल्याचं मी पाहिलेलं नाही. मी उभी राहून घड्याळ दाखवत होते आणि हे मांडी घालून "थोडंसंच वाढा" म्हणत होते. थोडंसं तीनदा झालं.

बरं, मी तरी सुटावं? "माहेरमा येल पोर रिकामी ओटी लिसन जाई का?" म्हणत माय तांदूळ, नारळ, खण घेऊन आली. पण ओटी घ्यायला पदर कुठाय? शेवटी मी छातीवर नंबर चिकटवलेल्या टी-शर्टाचंच टोक पुढं धरलं. तांदूळ बुटात गेले. खण नि नारळ पाठीवरच्या पिशवीत कोंबला, पाया पडले आणि पळत सुटले. आबा, म्हणजे माझे वडील, खांबाला टेकून हे सगळं बघत होते.

शिवेबाहेर पडेपर्यंत भरितानं ह्यांना धरलं. आधी पळणं, मग चालणं, मग नुसतं पोट धरून उभं राहणं. "तू हो पुढं, होडी बघून ठेव, मी आलोच." नदी समोर दिसत होती आणि दोन वाजायला अजून अवकाश होता. हे चालत आले तरी वेळेत पोचणार होते. मी पुढं गेले, होडी निवडली, वल्ही हातात घेतली आणि वाटेकडे डोळे लावून उभी राहिले.

तेवढ्यात फटफट फटफट आवाज आला. आबांची जुनी मोटरसायकल. आबा ऐटीत पुढं, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि मागं आमचे हे, दोन्ही हातांनी पोट सांभाळत. टोपी घातलेल्या स्वयंसेवक मुलीच्या पुढ्यातच गाडी थांबली.

"आबा, हे काय केलं!"

"मंग? जावईले उनमा पायी चालू देऊ? लोके काय म्हणतीन माले?"

हे म्हणाले, "मी नाही म्हणत होतो गं, पण सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं?" ते तोंड बघून नदीत ढकलून द्यावंसं वाटलं. मुलगी बिचारी हळहळली, पण नियम तो नियम. जोडी बाद. माझा राग मस्तकात गेला. वल्हं वाळूत आपटलं आणि तोंडाला येईल ते बोलले, ह्यांना, भरिताला, सगळ्या जगाच्या सासुरवाड्यांना. शेवटी रडायलाच आलं. हातभर अंतरावर पाणी, आणि आता पुन्हा पुलावरूनच घरी जायचं.

मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही स्वतः धावतच आलात. नंबर मिळणार नाही, पण एकट्यानं होडी न्यायची असेल तर न्या. आमची मोटरबोट पाण्यात आहेच. फक्त घरच्यांना विचारा."

मी आबांकडे बघितलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं. आमच्याकडे लेकीला माहेरी आणायला आणि पोचवायला कुणीतरी मुराळी लागतोच. बाकीच्या घरांतून ती रीत कधीच सुटली, पण आबांनी मला आजवर एकटीला एसटीत बसू दिलेलं नाही. भाऊ मोकळा नसेल तर स्वतः येतात, पेपर वाचत शेजारी बसतात आणि मला दारात सोडून पुढच्या गाडीनं परत फिरतात. मी खेळाची शिक्षिका, दोन मुलांची आई, तरीही.

आबांनी डोक्याचा रुमाल सोडला. मुलीला म्हणाले, "मंग तिले एकलीले जाऊ द्या." आणि मला म्हणाले, "जाय पोरी."

मी गेले. मधोमध पोचल्यावर भीती वाटली, खोटं कशाला सांगू. वारा होडी तिरपी नेत होता, हात भरून आले होते, आणि मागं बसून चुकीच्या बाजूला वल्हवणारं कुणी नव्हतं. मग हळूहळू इतकं बरं वाटायला लागलं की मी मोठ्यानं हसले.

पलीकडच्या वाळूत होडी घुसली तेव्हा मी आधी पुलाकडे बघितलं. पूल जवळच होता, मोटरसायकल होती, आणि आबांचा स्वभाव मला माहीत होता. पण पुलावरून कुणी येत नव्हतं. आबा मघाच्याच काठावर उभे होते, अगदी पाण्याच्या कडेला, चपला ओल्या होतील इतके पुढं.

मी पिशवीतून मोबाइल काढून फोन लावला. "आबा, पोचनू मी."

"हाव," ते म्हणाले. "देखी ऱ्हायनू."