आजीच्या नावावरचं गाणं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. नवऱ्याला सुपडूभाऊंची गाणी आवडतात, मोटारसायकल चालवताना तो गुणगुणत असतो — आणि मी मागे बसून ऐकते. तुम्ही खानदेशातल्या एखाद्या लग्नाला गेला असाल, तर त्यांचा आवाज तुम्हीही ऐकलाच असेल. सासरी निघालेली मुलगी गाडीवानाला विनवते ते गाणं. हळू हाक, माझी आई अजून दिसतेय. वरपक्षाच्या बायकासुद्धा त्या गाण्याला डोळे पुसतात.

त्या गाण्यात मुळात गाडीवान नव्हता. यष्टीचा ड्रायव्हर होता. गाडीवान माझ्यामुळे आला.

आमचं घर तेव्हा धुळ्याला होतं. मागच्या दोन खोल्यांत सुपडूभाऊ आणि त्यांची थोरली बहीण, अक्का, भाड्यानं राहायचे. सुपडूभाऊ बँडबरोबर गायचे, कानबाईच्या उत्सवात गायचे, आणि स्वतः गाणी रचायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. अहिराणी कळायची, पण तोंडातून निघायची नाही. त्यामुळे नळावर बायका हसल्या की मला वाटायचं — माझ्यावरच हसल्या. कुणी गोड बोललं की वाटायचं, वडिलांकडे काहीतरी काम असणार.

नवं गाणं झालं की सुपडूभाऊ पेटी घेऊन आमच्या ओट्यावर यायचे आणि मला बाहेर बोलवायचे. “ताईले समजनं म्हणजे बठ्ठासले समजी,” ताईला कळलं की सगळ्यांना कळेल, असं म्हणायचे, आणि बायका पदर तोंडाला लावायच्या. हा मान होता की थट्टा? मी थट्टाच धरून चालले.

एका दुपारी अक्का पापड वाळत घालताना एक ओळ गुणगुणत होती — हळू हाक रे भाऊ यष्टी, मनी माय दिसस आजून. मी खिडकीत उभी राहिले आणि ती आत जाईपर्यंत हलले नाही. मग आठवड्याभरानं सुपडूभाऊंनी तेच गाणं ओट्यावर म्हटलं. “नवं शे हाई,” म्हणाले. नवं? मी तर ते आधीच ऐकलं होतं. माझ्या डोक्यात सगळं चटकन जुळलं — हा माणूस बायकांची गाणी उचलतो आणि स्वतःची म्हणून खपवतो.

त्यानंतर मी त्यांच्यावर नजर ठेवली. बादली भरून वाहायला लागली तरी ते नळापाशी उभे राहून बायकांचं बोलणं ऐकायचे. कानबाईची गाणी चालू असली की बाहेरच्या पायरीवर बसून राहायचे. गाणी रचणारा माणूस दुसरं काय करणार? पण हे आज म्हणतेय. तेव्हा मला तो पुरावा वाटला. आणि — हेही सांगते — पुरावा मिळाला म्हणून बरं वाटलं.

मग जळगावहून कॅसेट काढणारे एक शेठ आले. सुपडूभाऊंचा आवाज जामनेरपर्यंत पोचलेला होता, पण आजवर ते दुसऱ्यांनी लिहिलेलंच कॅसेटवर गायले होते. आता पहिल्यांदा आवरणावर गीतकार म्हणून त्यांचं नाव येणार होतं. मागच्या खोल्यांत खुर्च्या नव्हत्या, म्हणून बैठक आमच्याकडे बसली. गाणं ऐकून शेठ खूश झाले, पण म्हणाले, “तुमचंच आहे ना? मागे एकानं असंच फसवलं मला. कॅसेट बाजारात गेली आणि दुसराच भांडायला आला.”

सुपडूभाऊ हसले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, “या ताईले इचारा. पहिले तिनंच ऐकेल शे. शिकेल पोर शे, ती खोटं बोलस नही.”

मी म्हणाले, “हे आमची आजी म्हणायची.”

आजी पाचोऱ्याजवळच्या खेड्यातली. तेव्हा ती हयात नव्हती. ती गाणी म्हणायची की नाही, हेसुद्धा मला ठाऊक नाही.

शेठनी विचारलं, “आजीच्या काळात यष्टी कुठली?”

इथे थांबता आलं असतं. चुकून बोलले, असं म्हणता आलं असतं. पण मी म्हणाले, “ती ‘गाडी’ म्हणायची. यष्टी यांनी घातली.” इतकं सहज.

“काय सुपडूभाऊ, आजीबाईंनाही सोडलं नाही?” शेठ म्हणाले, आणि माझे वडील मोठ्यानं हसले. सुपडूभाऊ चिडतील असं मला वाटलं होतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, काहीतरी आठवत असल्यासारखे. मला वाटलं — पकडला गेला.

पुढे एकदा मी अक्काला मुद्दाम विचारलं, ते गाणं तुम्हाला कुणी शिकवलं? ती म्हणाली, “कोन शिकाडी? त्यानंच. काही बी रचं का पहिले माले म्हनी दखाडस. मी हा म्हनं, तं मंग तुमना ओट्यावर.” म्हणजे त्या दुपारी ती त्यांचंच गाणं गुणगुणत होती.

कॅसेट अजून निघायची होती. एवढंच लक्षात घ्या — वेळ होता. वडिलांसमोर ‘मी खोटं बोलले’ असं म्हणावं लागलं असतं. ते मी म्हटलं नाही.

शेठनी गाण्यातली यष्टी काढून गाडी घालायला लावली, आणि आवरणावर छापून आलं — गीत : पारंपरिक. सुपडूभाऊंच्या बाकीच्या गाण्यांनाही शेठनी तेच लावलं. उगीच भानगड नको म्हणून. गाणं मात्र गावोगाव गेलं. सुपडूभाऊ मोठे झाले, त्यांना ऐकायला मांडव भरायला लागले. स्टेजवर कुणीतरी हटकून विचारायचं, “हे तरी तुमचं, की आजीबाईचं?” लोक हसायचे. तेही हसायचे. नवं गाणं मात्र त्यांनी पुन्हा केलं नाही.

लग्न होऊन मी जळगावला आले. गेल्या उन्हाळ्यात नशिराबादच्या एका लग्नात ते गायला होते. जेवणाच्या वेळी मला शोधत आले. केस पांढरे झालेले. वडिलांची चौकशी केली आणि मग हळूच म्हणाले, “ताई, मी खूप इचार कया. ते गाणं मी धाकला व्हतू तवय कोठे तरी ऐकेल व्हई. आते काही सुचनं का भ्याव वाटस — हाई बी कोनं तरी व्हई. म्हनीसन लिखत नही.”

स्वतःचंच गाणं त्यांना लहानपणी कुठंतरी ऐकलेलं वाटायला लागलं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःपेक्षा जास्त.

“तुमनी आजीनं आखो एखादं गाणं याद शे का?” ते म्हणाले. “तिनं नाव लिसन म्हनसू.” ते तिचं नाव घेऊन गाणार होते.

मी म्हणाले, “नाही. ती तेवढं एकच म्हणायची.”