रिकाम्या खोक्याची तपासणी

माझ्या वहिनीने उभ्या आयुष्यात कोणत्याही वस्तूवर, माणसावर किंवा देवावर प्रथमदर्शनी विश्वास ठेवलेला नाही. खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सची अधिकारी म्हणून तिने बत्तीस वर्षे परक्यांची खोकी उघडली. निवृत्तीनंतर डमडमच्या घरी ती आमची उघडते. शेजारच्या बंगाली बाईंनी विजयादशमीला संदेश मिठाईचा डबा दिला, तर वरचा थर उचलून खालचा पाहिल्याशिवाय ती आभार मानीत नाही. पूजेचा नारळ आधी कानाशी हलवून पाहते. माझे थोरले बंधू हयात असताना बाजारातून आले की पिशवी दारातच रिकामी करीत आणि मग ती उलटी करून दाखवीत. सक्ती नव्हती, अनुभव होता. गोदीतला वहिनीचा नियम असा की माल निघाला तरी खोके रिकामे समजायचे नाही, तळ बोटांनी ठोकायचा. "लपवणारा वरच्या थरात काही ठेवत नसतो, भाऊजी," हे मी चाळीस वर्षे ऐकत आलो आहे.

गेल्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग निघाला, काखेतल्या गाठींपर्यंत पसरलेला. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया. त्या काळात तिने सलाइनच्या प्रत्येक बाटलीवरचे नाव आणि तारीख स्वतः वाचली. केस गेले तेव्हा आरशात पाहून म्हणाली, "डोक्यात काही लपवलेलं नाही, हे तरी सिद्ध झालं."

शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल चांगला आला. तिची डॉक्टर, वहिनीला मावशी मानणारी एक तरुण बंगाली मुलगी, समजावून सांगू लागली, "माशिमा, आता तीन आठवडे रेडिएशन. मग हार्मोनची गोळी, निदान पाच वर्षं. कदाचित दहा."

"गाठ निघाली ना?"

"निघाली."

"कापलेल्या कडा स्वच्छ?"

"स्वच्छ. पण न दिसणाऱ्या पेशी मागे राहिलेल्या असू शकतात. इतका वाढलेला रोग परत येण्याचा धोका असतो."

"राहिल्यात, असं कुठं दिसलं?"

"नाही दिसलं."

"मग प्रकरण संपलं," म्हणून वहिनीने पर्स उचलली. नारळावर संशय घेणाऱ्या बाईने स्वतःला एका कागदावर सोडून दिले.

दोन आठवडे ती बधली नाही. "दमले मी, भाऊजी," एवढे एकदा म्हणाली. मन वळवणे ही कला मला अवगत नाही. एके सकाळी मी तळमजल्यावरच्या माझ्या घरातून पुठ्ठ्याचे एक खोके घेऊन वर गेलो आणि तिच्यापुढे ठेवले.

"काय आहे यात?"

"काही नाही. रिकामं आहे."

तिने झाकण उघडले, आत पाहिले, खोके उलटे केले आणि सवयीने तळ ठोकला. दुसऱ्या ठोक्याला हात थांबला.

"डॉक्टरची वकिली करता?"

"मी काहीच बोललो नाही."

तिने खोके सरळ केले, झाकण लावले आणि म्हणाली, "सोमवारी गाडी सांगा. आणि हे खाली न्या. झुरळं होतात."

रेडिएशन पार पडले. यंत्र रोज त्याच जागी लागते की नाही, हे तिने त्वचेवरच्या खुणांवरून तपासले. तंत्रज्ञ तिला मॅडम म्हणू लागला. आता गोळी सुरू आहे. पण गोदीत एकट्या अधिकाऱ्याच्या सहीवर माल सुटत नसे. म्हणून रोज सकाळी आठ वाजता मी वर जातो. ती गोळी गिळते, जीभ बाहेर काढून दाखवते, वहीत सही करते. शेजारच्या रकान्यात मी करतो.

परवा वही चाळली. तिने स्वतः पट्टीने रेघा मारून दहा वर्षांची पाने आखली आहेत. शेवटच्या पानावरही दुसऱ्या रकान्यावर माझेच नाव आहे.

"वहिनी, तोवर मी अठ्ठ्याऐंशीचा असेन."

"असा की. सही थरथरली तरी चालते."

मी त्या दिवसाची सही केली. पुढची पाने मोजली नाहीत.