पिवळं जाकीट दिसलं होतं

मी शिरूरला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. माहेर दौंडचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गाडी काढायची, न्हावऱ्याच्या रस्त्यानं दौंडला जायचं आणि रविवारी संध्याकाळी परत यायचं, हे माझं बारा-तेरा वर्षं चाललेलं आहे. त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा मला पाठ होता आणि मी ते अभिमानानं सांगायचे.

तेव्हा रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. एक बाजू खणलेली, पिंपं मांडलेली आणि जागोजाग पिवळी चमकदार जाकिटं घातलेले कामगार हातात झेंडी घेऊन उभे. न्हावऱ्याच्या अलीकडे एका ठिकाणी तर ठेकेदारानं माणसाऐवजी नुसता बाहुला उभा केला होता. लाकडाच्या फुलीवर तेच पिवळं जाकीट चढवलेलं, वर प्लास्टिकचं टोपडं. पहिल्यांदा मी फसले, गाडी हळू केली. नंतर त्याच्याकडे बघायचंही सोडून दिलं.

फेब्रुवारीतला शनिवार होता, दुपारचा एक वाजत आला होता. माझ्या शाळेतल्या एक शिक्षिका त्या बाहुल्याच्या जरा पुढे वस्तीवर राहतात. त्यांना तपासायच्या पेपरांचा गठ्ठा द्यायचा होता, म्हणून मी गाडी हळू केली, समोर बघितलं आणि उजवीकडे कच्च्या रस्त्याला वळवली. तोच समोरून आलेली मोटरसायकल दाराच्या पुढच्या बाजूला धाडकन आदळली. माणूस बॉनेटवरून पलीकडे जाऊन पडला.

मी दार उघडून उतरले. शेजारच्या रानात कांदे काढणाऱ्या बायका धावत आल्या. त्यातली एक माझ्यावर ओरडली, "ओ बाई, डोळं हायेत का न्हाईत? एवढं पिवळंधमक घातलंय गड्यानं, तरी दिसलं न्हाई व्हय?"

त्यानं खरोखरच पिवळं जाकीट घातलं होतं. छातीवर, पाठीवर रुपेरी पट्टे होते. डोक्याला हेल्मेट होतं, म्हणून डोकं वाचलं. उजवा पाय मांडीत मोडला होता. हेल्मेट काढल्यावर मी त्याला ओळखलं. बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री होता तो. आमच्या कॉलनीचा पंप बिघडला की त्यालाच बोलवायचे. मी सारखी एकच गोष्ट म्हणत होते, "मिस्त्री, मला दिसलाच नाहीत हो तुम्ही. दिसलाच नाहीत."

शिरूरच्या दवाखान्यात त्याची बायको आली. तिला सगळे भाभीच म्हणतात. मला वाटलं, ती आता मला बोलणार. तिनं आधी विचारलं, "जाकीट घातलं हुतं का त्यांनी?"

"हो."

"पक्कं? का गाडीला अडकवलं हुतं?"

"नाही भाभी, अंगात होतं. चेन लावलेली होती."

ती बाकड्यावर बसली. ते जाकीट तिनंच आणलं होतं. तिच्या भावाला दोन वर्षांपूर्वी ट्रकनं उडवलं होतं, तेव्हापासून तिनं धोशा लावलेला. मिस्त्रीला ते आवडायचं नाही. उन्हात अंगाला चिकटतं, लोक हसतात, म्हणायचा. "रोज भांडून घालाया लावायची मी," ती म्हणाली, "आन् तरी असं?"

पोलिसांत जबाब द्यायचा होता. माझे भाऊ दौंडहून आले. त्यांच्या ओळखीचे एकजण म्हणाले, "सांगा, डोळ्यांवर ऊन आलं. नाहीतर तो जोरात होता म्हणा." दुपारी एकचं ऊन डोळ्यांवर कसं येईल? आणि तो जोरातही नव्हता. मी लिहून दिलं की चूक माझी आहे, मला तो दिसला नाही. ती केस अजून चालू आहे.

पण तो जबाबही पूर्ण खरा नव्हता, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. सकाळी गॅसपाशी उभी असताना ते वळण डोळ्यांसमोर आलं आणि त्यात पिवळा ठिपका होता. म्हणजे मला जाकीट दिसलं होतं. चांगलं दिसलं होतं. फक्त त्या रस्त्यावरचं पिवळं म्हणजे उभं असलेलं काहीतरी, कामगार नाहीतर तो बाहुला, असं माझ्या डोक्यानं ठरवून टाकलं होतं. पिवळ्यात माणूस आहे, तो गाडीवर आहे, माझ्याकडे येतोय, इथपर्यंत मी पोचलेच नव्हते.

हे कुणाला सांगावं, कळेना. यजमान म्हणाले, "आता सांगून काय होणार आहे?" पण दवाखान्यात गेले की मिस्त्री माझ्याकडे बघायचा आणि मला राहवेना. पायात रॉड टाकून झाला होता, तेव्हा एका दुपारी मी त्याला सगळं सांगितलं. बाहुल्याचंसुद्धा.

त्यानं उशीवर डोकं जरा वर सरकवलं. मग म्हणाला, "म्हंजी मी साधा शर्ट घातला असता तर दिसलो असतो?"

"ते मला नाही सांगता येणार, मिस्त्री."

"तसं न्हाई बाई. तुम्ही गणिताच्या हायेत. सांगा की."



पाच महिन्यांनी तो काठी टाकून पुन्हा गाडीवर बसला. पाय जरा ओढत चालायचा. आठ-दहा दिवसांतच भाभीचा फोन आला. आवाज रडवेला होता. "बाई, आमचं मालक जाकीट घालंनात. म्हणत्यात, बाईंनीच सांगितलंय, त्याचा काय उपेग न्हाई म्हणून."

मी असं म्हटलं नव्हतं. पण त्यानं ते तसं ऐकलं यात त्याची काय चूक? माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी बोलले होते आणि त्याच्या अंगावरचं होतं नव्हतं तेवढंही मी काढून घेतलं होतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

गणपती झाल्यावर एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. जाकीट किती दिसतं ते त्यानं स्वतःच बघावं, असं भाभीशी आधी फोनवर ठरवलं होतं. मिस्त्रीला गाडीत माझ्या शेजारी बसवलं. भाभी जाकीट घालून मुलीच्या स्कूटीवरून पुढे गेली आणि कामाच्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला कुठंतरी उभी राहिली. साडेपाच वाजले होते, लख्ख उजेड होता. मी सावकाश गाडी नेली. पिंपांच्या पुढे चार-पाच पिवळी जाकिटं दिसत होती.

"यातली भाभी कुठली?" मी विचारलं.

त्यानं बोट दाखवलं. ती भाभी नव्हती, परराज्यातला एक कामगार होता, फावडं खांद्यावर टाकून निघालेला. भाभी त्याच्या अलीकडे होती. आम्ही तिच्या अगदी जवळून पुढे गेलो आणि तिनं हाक मारल्यावर मिस्त्री दचकला. स्वतःच्या बायकोवरून त्याची नजर घसरून गेली होती. तो मांडीवरून हात फिरवत राहिला.

अंधार पडेपर्यंत आम्ही रसवंतीवर थांबलो. मग पुन्हा तसंच केलं. या वेळी कामगार निघून गेले होते. मी हेडलाइट लावले आणि खूप लांबूनच ते दोन पट्टे पेटल्यासारखे उजळले. आधी नुसते पट्टे, मग मधली भाभी.

"दिसली," मिस्त्री म्हणाला. "लई लांबून दिसली."

"म्हणून म्हणते, घालत जा."

"अंधारात घालतो. दिवसा न्हाई. दिवसाचं तुम्हीच सांगा बाई, घालून दिसीन म्हणून? द्या सबूत."

भाभी गाडीच्या खिडकीशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी 'हो' म्हणावं एवढीच तिची अपेक्षा होती. कदाचित म्हणायला हवं होतं. मोकळ्या रस्त्यावर, हिरव्या उसाच्या कडेनं, दिवसाही ते पिवळं उठून दिसतच असणार. पण ज्या माणसाला मी पिवळ्यातच पाडलं, त्याला छातीठोकपणे सांगायला माझी जीभ रेटली नाही. "दिवसा गाडीचा दिवा लावून ठेवा," मी म्हणाले, "आणि समोरची गाडी वळताना दिसली की आपणच थांबा." त्याची गाडी जुनी आहे, दिवा लावायचं त्याला आठवावं लागतं. तो बरं म्हणाला.

तेव्हापासून तो दिवेलागणीला जाकीट चढवतो, दिवसा ते कॅरियरला बांधलेलं असतं. रस्त्याचं काम संपलं, बाहुलाही गेला. मी वळण्याआधी गाडी पूर्ण थांबवते, मागचे हॉर्न वाजवतात तरी थांबते, दोनदा बघते.

भाभीनं मात्र तिचा मार्ग काढला आहे. शनिवारी शाळा सुटायच्या सुमाराला तिचा फोन येतो.

"निघाल्या का बाई दौंडला?"

"निघते आहे."

"हे बी त्याच रस्त्याला हायेत आज. वडगाव रासाईला मोटार काढाया गेल्यात." मग जरा थांबून सांगते, "निळा शर्ट घातलाय. चौकडीचा."

मी बरं म्हणते आणि गाडी सुरू करते. न्हावऱ्यापर्यंत निदान पंधरा-वीस निळे शर्ट भेटतात. प्रत्येकाच्या तोंडाकडे मी बघत जाते.